बीएस ६ ट्रकला पुस्तकात दिलेलंच इंजिन ऑइल घालायचं का? दुकानदार म्हणतो सीआय-४ प्लस घाला, सगळं एकच

नाही, एकच नाही. दुकानदाराला बॅरल संपवायचंय, गाडीचे हप्ते तुम्हाला भरायचेत. तुम्ही लिहिलंय की पुस्तकात सीके-४ (सीके-४, सीआय-४ प्लस हे डिझेल इंजिन ऑइलचे अमेरिकन वर्ग), १५डब्ल्यू-४० (हा जाडपणाचा ग्रेड) आणि त्याच्या खाली कंपनीचा स्वतःचा एक नंबर दिलाय, आणि दुकानदार म्हणतोय नंबर सोडा, सीआय-४ प्लस पण १५डब्ल्यू-४० च असतं, डब्यामागं बरे पैसे सुटतील. हेच वाक्य आमच्या घरात मी जेवणाच्या ताटावर कितीदा ऐकलंय, त्यामुळं उत्तर जरा लांबणार, सांभाळून घ्या.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मिस्टर. मला गाड्यांच्या धंद्यात आणलं त्यांनीच, त्यामुळं तोंडावर उलट बोलायची सोय नाही. त्यांची ऑइल तपासायची पद्धत अशी की गेज, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, ओढायचं, टोकाचा थेंब अंगठा आणि बोटात घेऊन चोळायचा, मग बोटं हळूहळू लांब करत न्यायची आणि तार कुठंवर टिकते ते बघायचं. लगेच तुटली की ऑइल पातळ, बाद. शेवटी वास घ्यायचा, आणि त्या वासावरून काय ठरवतात ते आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. बरं, हे सगळं थंड इंजिनवर. अहो, इंजिनला जाडपणा लागतो तो गरम झाल्यावरचा. ४० ग्रेड म्हणजे १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (जाडपणा मोजायचं माप) पट्ट्यात बसणारं ऑइल, मग पुढं १५डब्ल्यू असू दे नाहीतर २०डब्ल्यू. सकाळी सातला अंगणात बोटावर जे दाट लागतंय ते फक्त टर्बोपर्यंत, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत, उशिरा पोचणार एवढंच, आणि टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, त्याला उशीर परवडत नाही. हे मी दाजींना सांगितलं तर म्हणाले, "तू पुस्तकं वाच, मी इंजिनं बांधलीत." इंजिनं बांधलीत हे खरं आहे, माझा त्याला काही उतारा नव्हता.

तर झालं असं की आम्ही दोघांनी बीएस ६ गाड्या घेतल्या, एकाच कंपनीच्या, इंजिन सुद्धा एकच. माझी शिरोली एमआयडीसीतून चाकणला कास्टिंग घेऊन जाते, दाजींचा टिपर, क्रशरवरून खडी आणि क्रश सँड. दाजींच्या गोठ्याशेजारी जुन्या गाडीसाठी आणलेलं बॅरल होतंच, सीआय-४ प्लसचं, तेच टिपरला सुरू केलं. मला पण म्हणाले घेऊन जा. मी नेलं नाही, त्यावरून बहिणीनं दोन दिवस फोन उचलला नाही, म्हणजे ऑइल हा विषय आमच्याकडं कुठंवर जातो बघा.

मी का नेलं नाही ते सांगतो, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर पण तेच आहे. जुन्या डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं, बीएस ३ ला ३५० पीपीएम, बीएस ४ ला ५०, आणि एप्रिल २०२० पासून १०. गंधक जळलं की ॲसिड तयार होतं, ते मारायला ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार भरपूर घालायचे. ते बरोबरच होतं, त्या वेळी. पण ऑइल थोडंफार जळतंच, आणि हे क्षार जळून नाहीसे होत नाहीत, राख होते. आधी ती धुराड्यातून बाहेर जायची, गेली तर गेली. बीएस ६ ला सायलेन्सरच्या डब्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर बसवलाय, ती राख तिथं अडकते. आता लोक म्हणतात रिजनरेशन होतंय की, म्हणजे आत साठलेलं तापवून जाळलं जातं, फिल्टर आपोआप साफ होतो. काजळी साफ होते हो! राख होत नाही. काजळी म्हणजे कार्बन, तो जळतो. राख आधीच जळून झालेली आहे, ती परत काय जळणार.

सीके-४ मध्ये ही राख १ टक्क्याच्या वर जाऊ द्यायची नाही असा नियम आहे, फॉस्फरस आणि गंधकावर सुद्धा मर्यादा आहे कारण फॉस्फरस धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिस्टला मारतो. सीआय-४ प्लस २००४ सालचं, त्या वर्गात अशी मर्यादाच नाही, बरीचशी ऑइलं सव्वा-दीड टक्क्यापर्यंत असतात. कागदावरचा हिशोब केला तर एक लिटर ऑइल जळालं की एका टक्क्यानं साधारण ९ ग्रॅम राख आणि दीड टक्क्यानं १३ ग्रॅम. एका सर्व्हिसला काही कळत नाही, लाखभर किलोमीटरवर कळतं, तोपर्यंत दुकानदार तुम्हाला ओळख पण दाखवत नाही.

आता गंमत म्हणजे आधी वर्कशॉपला लागली माझीच गाडी. टर्बोच्या बाजूनं ऑइल गळायला लागलं, खंबाटकी चढताना मागं निळा धूर. वॉरंटीत होती म्हणून नेली. सर्व्हिस ॲडव्हायझरनं जॉब कार्डवर नजर टाकली आणि मान हलवली, म्हणाला मागची ऑइल चेंज आमच्याकडं झालेली नाही, बाहेरचं ऑइल आहे, क्लेम बसणार नाही. दाजी सोबत आले होते, त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की घे, पुस्तक वाच अजून. मी केबिनमधून फाईल काढली. त्यात ऑइलची जीएसटी बिलं, प्रत्येक डब्याच्या मागच्या लेबलचा फोटो, बॅच नंबर स्पष्ट दिसेल असा, त्या वेळचं मीटरचं रीडिंग आणि पुस्तकातलं ऑइलचं पान झेरॉक्स करून. त्या पानावर सरळ लिहिलं होतं की कंपनीचं ऑइल किंवा अमुक स्पेकची मान्यता असलेलं ऑइल. माझ्या डब्यावर तोच नंबर, शेवटच्या आकड्यासकट. ॲडव्हायझर पोरगा फाईल घेऊन आत गेला, मॅनेजर बाहेर आला, छोट्या बाटलीत चेंबरमधलं ऑइल काढून तपासायला पाठवलं. गाडी काही दिवस उभी राहिली, भाडी बुडाली, त्याचं कुणी काही दिलं नाही, पण टर्बो क्लेममध्ये बदलून मिळाला. दाजी म्हणाले नशीब.

मग पुढं टिपरची पाळी आली. फिल्टरचा दिवा यायचा, लॅपटॉप लावून रिजनरेशन करायचे, आठवडाभर ठीक, परत दिवा. नंतर गाडी ओढच देईना, क्रशरच्या चढाला भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये रडायला लागली. शेवटी फिल्टर उतरवून साफ करायला दिला तेव्हा आतून जी राखाडी पूड निघाली ती दाजींनी स्वतःच्या हातानं उचलून बघितली, सिमेंटसारखी बारीक. बोटात धरून चोळली पण, सवयच आहे. त्यांनी क्लेम मागितला, माझ्यासारखाच. बिल काय दाखवलं तर वहीचं पान फाडून हातानं लिहिलेलं, 'ऑइल १५-४०, १ बॅरल', खाली सही. ॲडव्हायझरनं ते दोन बोटात धरून परत दिलं. पैसे सगळे खिशातून गेले.

आता कुणी म्हणेल बघा, ऑइलमुळं. सगळं ऑइलमुळं नाही, हे पण सांगतो. टिपर दिवसभर क्रशरवर इंजिन चालू ठेवून रांगेत उभा असतो, पळतो पाच-सात किलोमीटर, सायलेन्सर कधी नीट तापतच नाही, मग काजळी साठते आणि रिजनरेशन अर्धवट राहतं. माझी गाडी हायवेला सलग तापते, तिचं आपोआप होऊन जातं. त्यामुळं माझंच ऑइल घातलं असतं तरी टिपरला थोडाफार त्रास झालाच असता. पण ती पूड काजळीची नव्हती. काजळी काळी असते, हे दाजींना इंजिनं बांधताना दिसलंच असणार.

तुम्ही कुठला ब्रँड घ्यावा ते विचारलंय, तर ब्रँड कुठलाही घ्या, मला फरक पडत नाही. डबा पुढून बघू नका, पुढं ट्रकचा फोटो असतो. उलटा करा आणि मागं बारीक अक्षरात नंबर शोधा. कमिन्स इंजिन असेल तर सीईएस २००८६, व्होल्वोला व्हीडीएस-४.५, मर्सिडीज घराण्यातल्या इंजिनाला एमबी २२८.५१ वगैरे, तुमच्या पुस्तकात जो असेल तो जसाच्या तसा. ५१ च्या जागी नुसतं ५ असेल तर ते वेगळं ऑइल झालं, ते जास्त राखेचं आहे. आणि 'मान्यताप्राप्त' लिहिलंय की 'अमुकसाठी योग्य' लिहिलंय ते पण बघा. पहिल्यात गाडी कंपनीनं तपासून होकार दिलेला असतो, दुसऱ्यात ऑइलवाला स्वतःच स्वतःला पास करतो. नुसतं सीके-४ असून पण भागेलच असं नाही. अमेरिकेत २०१६ ला सीके-४ आलं तेव्हा फोर्डनं सांगितलं होतं की काही सीके-४ ऑइलांमध्ये फॉस्फरस कमी आहे, आमच्या डिझेल इंजिनाला झीज होते, आमचा स्वतःचा स्पेक असेल तरच घाला. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीला वर्गावर भागत नाही आणि आपण दुकानदाराच्या तोंडावर भागवतोय.

एफए-४ लिहिलेलं दिसलं तर हात लावू नका, पुस्तकात नाव असल्याशिवाय. ते सीके-४ सोबतच आलं पण पातळ आहे, जुन्या इंजिनांना चालत नाही.

ऑइल काळं झालं म्हणून लवकर बदलू पण नका. काळं होतंय म्हणजे काजळी धरून ठेवतंय, ते त्याचं कामच आहे. गेजवर पातळी वाढलेली दिसली तर मात्र घाबरा, रिजनरेशनच्या वेळचं डिझेल चेंबरमध्ये उतरत असेल. रिकामा डबा भंगारात देताना स्क्रू ड्रायव्हर मारून भोक पाडा, नाहीतर तोच डबा भरून परत कुणाच्या तरी इंजिनात जातो. किती किलोमीटरला बदलायचं ते पुस्तकात आहे, पण तुमची गाडी जास्त उभी राहून चालत असेल तर तिथं तासांचा हिशोब पण दिलेला असतो, तो पाळा.

आणि हो, जुन्या बीएस ३, बीएस ४ गाडीला, जिला डीपीएफ नाही, तिला सीआय-४ प्लस खुशाल घाला, पुस्तकात तेच लिहिलेलं असेल तर उगाच महागातलं घेऊन काही मिळत नाही. दाजींची जुनी गाडी त्याच बॅरलवर अजून व्यवस्थित चालतेय, आणि ती दाखवूनच ते आजही वाद घालतात. बीएस ६ ला रात्री घाटात ऑइल कमी दिसलं आणि शेजारच्या ढाब्यावर सीआय-४ प्लसच मिळालं तर लिटरभर टाकून घरी या, इंजिन कोरडं चालवण्यापेक्षा बरं. टिपरात मात्र लिटरभर नव्हतं गेलं, अख्खं बॅरल गेलं होतं, आणि दुसरं पण आणून ठेवलं होतं. ते आता जुन्या गाडीला वापरतायत.