मधुमेहाच्या गोळ्यांसाठी बांबोळी कशाला?

प्रश्न : डॉक्टरबाई, आम्ही वास्कोत मांगोर हिलला भाड्याने राहतो. सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब आहे. दर महिन्याला गोळ्यांसाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेज इस्पितळात जाण्यात माझी दिवसाची मजुरी बुडते. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेच्या कार्डावर गोळ्या का मिळत नाहीत?

उत्तर : २०१६ साली आलेली ती योजना इस्पितळात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. त्यासाठी वास्कोचं नागरी आरोग्य केंद्र गाठा. केसपेपर आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. एखादी गोळी तिथे नसेल तर तिच्याऐवजी दुसरी चालेल का, ते तिथल्या डॉक्टरांनाच विचारा, फार्मसीवाल्याला नको. आणि सासूबाईंचे तळवे रोज बघा. मधुमेहात संवेदना गेली की खडा रुतलेलाही कळत नाही.

तुम्ही तिशी ओलांडलीय का? मग त्याच फेरीत तुमचीही तपासणी करून घ्या. रक्तदाब, साखर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांचा कर्करोग, या सगळ्याची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. सासूची फाईल जिवापाड जपणाऱ्या सुनांची स्वतःची फाईल नसतेच, हे मी ओपीडीत नेहमी बघते.

मात्र छातीत कळ आली किंवा तोंड वाकडं झालं, तर केंद्र उघडण्याची वाट बघू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.