उसाच्या कॅलसला मिठाचा आणि पाण्याचा ताण नेमका कसा द्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापुरात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी को ८६०३२ या जातीच्या उसाचा कॅलस (अजून मूळ-पान न बनलेल्या पेशींचा गोळा) एमएस मीडियावर, म्हणजे ऊतिसंवर्धनाच्या नेहमीच्या पोषक माध्यमावर वाढवताय. थेट १५० मिलिमोलर मीठ घातलं तर कॅलस काळा पडला, पाण्याचा ताण देण्यासाठी २० टक्के पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) घातलं तर मीडिया गोठलाच नाही. मग दोन्हींची तुलना कशी करायची?

आधी पीईजीचं. एवढं पीईजी ६००० मिसळलं की मीडिया गोठवणारा अगार नीट धरत नाही. म्हणून पेट्रीडिशमध्ये २० मिली साधा अगार मीडिया ओतून गोठू द्या. तोच मीडिया अगार न घालता वेगळा ऑटोक्लेव्ह करा (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करा) आणि गरम असतानाच लॅमिनारमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, त्यात पीईजी विरघळवा. गार झालं की हे द्रावण डिशमागे ३० मिली ओता, २४ तास ठेवा, उरलेलं ओतून टाका. पीईजी दोन्ही थरांत वाटलं जातं, त्यामुळे शेवटी मूळ तीव्रतेच्या साधारण तीन-पंचमांश उरते. किलोभर पाण्याला २०० ग्रॅम हवं असेल, तर द्रावणात सुमारे ३३३ ग्रॅम घ्यावं लागतं. वरच्या द्रवात साखर आणि २,४-डी (कॅलस वाढवणारं संप्रेरक) घालायचं राहिलं, तर खालच्या मीडियातलंही त्यांचं प्रमाण कमी होतं आणि उपासमारीचा परिणाम पाण्याच्या ताणाचा वाटतो.

आता तुलनेचं. मीठ दोन बाजूंनी त्रास देतं: पेशीला पाणी ओढता येत नाही, शिवाय सोडियम आत शिरून पोटॅशियमची जागा घेतं. पीईजी ६००० चा रेणू पेशीभित्तिकेतून आत जात नाही, म्हणून त्याचा ताण फक्त पाण्याचा. तेव्हा दोन्हीकडे जलविभव (पाणी पेशीला किती सहज मिळतं त्याचं माप; ते जितकं खाली, तितकं पाणी ओढणं अवघड) सारखं ठेवायला हवं. २५ अंशांना १०० मिलिमोलर मीठ (लिटरला ५.८४ ग्रॅम), २०० मिलिमोलर मॅनिटॉल ही साखरेसारखी अल्कोहोल (३६.४ ग्रॅम) आणि किलोभर पाण्याला २०० ग्रॅम पीईजी, या तिन्हींमुळे मीडियाचं जलविभव सुमारे ०.५ मेगापास्कलने खाली जातं. १०० ग्रॅम पीईजीने मात्र ते जेमतेम ०.१५ ने उतरतं, निम्म्याने नाही. म्हणून टक्क्यांवरून अंदाज बांधू नका. मॅनिटॉल हळूहळू पेशीत शिरतं, तेव्हा ते जोडीला ठेवा, मुख्य भिस्त पीईजीवर. दोन्हीकडे वाढ सारखीच घटली तर दोष पाण्याचा. मिठात खूप जास्त घटली तर आयनांचा. मग फ्लेम फोटोमीटरवर (ज्योतीच्या रंगावरून धातू मोजणारं यंत्र) कॅलसमधलं सोडियम-पोटॅशियम तपासा.

मीठ ०, २५, ५०, ७५, १०० आणि १५० मिलिमोलर असं लावा. चार आठवड्यांनी वाढ निम्म्यावर येते ती पातळी तग धरणाऱ्या पेशींच्या निवडीसाठी धरा आणि तिथपर्यंत सबकल्चरगणिक (दर वेळी कॅलस ताज्या मीडियावर हलवताना) टप्प्याटप्प्याने जा. पीएच मीठ घातल्यावर ५.८ ला आणा, आधी नाही. सुरुवातीला पिवळसर, रवाळ, घट्ट कॅलस साधारण २०० मिलिग्रॅम तोलून घ्या; पाणचट, बुळबुळीत कॅलस घेऊ नका. ओल्या वजनावर एकट्याने विसंबू नका, कारण पीईजीत कॅलस पाणी गमावतो. ६० ते ७० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवून कोरडं वजनही घ्या.

काळा पडला म्हणजे मेलाच असं नाही. ऊस कापल्या जागी फिनॉल सोडतो, ते हवेत काळं पडतं. काळे तुकडे दोन आठवडे बिनमिठाच्या मीडियावर ठेवून बघा. कडेने नवी पिवळी वाढ फुटली तर पेशी जिवंत आहेत. प्रोलिन (ताणात पेशीत साठणारं अमिनो आम्ल) जरूर मोजा, पण वाढलेलं प्रोलिन ताण बसल्याचं दाखवतं, सहनशीलता सिद्ध करत नाही. ग्रोथचे आकडे सोबत नसतील तर त्याचा उपयोग नाही.

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये एसीच्या खोलीत हवा फार कोरडी होते, याकडे दुर्लक्ष नको. ३० मिली मीडियातलं ६ मिली पाणी उडालं की १०० मिलिमोलरचं १२५ होतं आणि कंट्रोलचा मीडियाही घट्ट होतो. कडा पॅराफिल्मने (ताणून गुंडाळायची मेणासारखी पट्टी) बंद करा आणि काही डिश दर आठवड्याला तोला.

तगलेला कॅलस दोन-तीन सबकल्चर बिनमिठाचा वाढवून परत मिठावर टाका. वाढ पुन्हा कोसळली तर ती फक्त सवय होती. टिकली, तरी रोपं करून कुंडीत तपासावीच लागतात, कारण सोडियम अडवणारं मूळ आणि पाणी राखणारी पर्णरंध्रं कॅलसमध्ये नसतात. कुंडीला पाणी देताना नुसतं मीठ वापरू नका: क्षारपड वावरात सल्फेट, बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असतात, आणि त्यांच्या मिश्रणात रोप वेगळं वागतं.