शेत विकण्याआधी उपचारांच्या खर्चाचे वेळापत्रक मांडा

तुमच्या पत्रातील माहिती प्रथम थोडक्यात मांडतो, म्हणजे माझा सल्ला कशाच्या आधारावर उभा आहे ते तुम्हालाही तपासून पाहता येईल. तुम्ही ४७ वर्षांचे आहात, कऱ्हाड तालुक्यात राहता आणि एका खाजगी कारखान्यात दरमहा ४२,००० रुपये पगारावर नोकरी करता. तुमच्या ४३ वर्षांच्या पत्नींना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले असून आजार दुसऱ्या टप्प्यात आणि हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू या प्रथिनामुळे वाढणाऱ्या) प्रकारचा आहे. पुण्यातील एका खाजगी रुग्णालयाने १४ लाख रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे. तुमच्यापाशी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ६ लाखांची मुदत ठेव, २०१५ मध्ये उघडलेल्या पीपीएफ खात्यात ४ लाख, भविष्य निर्वाह निधीत सुमारे ९ लाख, आठ तोळे सोने आणि कंपनीचा ३ लाखांचा कौटुंबिक गट आरोग्य विमा आहे. शिवाय ३० गुंठे बागायत जमीन आहे, जिला शेजारी २२ लाख देतो, पण खरेदीखत पंधरा दिवसांत झाले पाहिजे असे म्हणतो. पत्रातले एक वाक्य मला फार लागले: जमीन विकायची असेल तर मला उपचारच नकोत, असे तुमच्या पत्नी म्हणत आहेत.

माझे मत स्पष्ट आहे. उपचार एक दिवसही थांबवू नका आणि जमीन आत्ता विकू नका. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, कारण १४ लाखांचा आकडा तुम्हाला एकरकमी वाटत असला तरी तो एकरकमी नाही.

अंदाजपत्रकाची पाने तुम्ही सोबत जोडली, हे बरे केले. त्यात शस्त्रक्रियेला अडीच लाख, सहा केमोंना तीन लाख, रेडिएशनला दोन लाख, तपासण्या आणि किरकोळ बाबींना १ लाख १० हजार आणि ट्रॅस्टुझुमॅब या इंजेक्शनच्या १८ मात्रांना प्रत्येकी ३०,००० प्रमाणे ५ लाख ४० हजार धरले आहेत. हे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, साधारण वर्षभर द्यायचे असते. म्हणजे तुमच्या एकूण खर्चाचा सर्वांत मोठा भाग वर्षभर हप्त्याहप्त्याने येणार आहे. आधी शस्त्रक्रिया की आधी केमो, हा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा आहे; पण क्रम कोणताही असला तरी पहिल्या चार महिन्यांत तुम्हाला पूर्ण १४ लाख लागतील असे या कागदांवरून दिसत नाही. वर्ष-सव्वा वर्ष पुरवून द्यायच्या खर्चासाठी पंधरा दिवसांत जमीन विकण्याचे कारण उरत नाही. ती मुदत शेजाऱ्याची आहे, आजाराची नाही.

आता विम्याकडे पाहू. तुमच्या गट विम्याचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि तुम्ही डिसेंबरमध्ये लिहीत आहात. या मार्चपर्यंत ३ लाख आणि नूतनीकरण झाल्यावर पुढच्या मार्चपर्यंत पुन्हा ३ लाख, असे दोन वर्षांचे संरक्षण एकाच उपचारमालिकेला लागू पडू शकते. म्हणून कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागून घ्या आणि तीन गोष्टी वाचा: एका दिवसात घरी सोडल्या जाणाऱ्या केमोला पैसे मिळतात का, खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, आणि मोनोक्लोनल अँटीबॉडी (प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडे) इंजेक्शनला वेगळी उपमर्यादा, म्हणजे विम्याच्या रकमेच्या आतली आणखी कमी मर्यादा, घातली आहे का. ट्रॅस्टुझुमॅब हे त्याच प्रकारचे औषध आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये अशा आधुनिक उपचारांना सरसकट वगळण्यास मनाई केली, परंतु उपमर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना राहिली, आणि नेमके तिथेच पुष्कळ कुटुंबांचे गणित चुकते. खोलीचे भाडे मर्यादेपेक्षा जास्त असेल तर अनेक पॉलिसींत संबंधित बिलाचे इतर आकडेही त्याच प्रमाणात कापले जातात, म्हणून खोली निवडताना मन मोठे करू नका. पत्नींची काळजी घेण्यासाठी नोकरी सोडण्याचा विचार तुम्ही लिहिला आहे. रजा घ्या, बिनपगारी घ्यावी लागली तरी घ्या, पण राजीनामा देऊ नका, कारण नोकरीबरोबर हे संरक्षणही जाईल.

पत्रात एक गैरसमज आहे आणि तो महागात पडू शकतो. तुम्ही लिहिता की आमचे रेशनकार्ड पांढरे, त्यामुळे सरकारी योजना आमच्यासाठी नाही. पूर्वी तसेच होते. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाणारी ही योजना पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती, आणि तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती मर्यादा ५ लाख झाली आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डाची कुटुंबेही तिच्यात आली. शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन या तिन्ही बाबी योजनेच्या उपचार-यादीत आहेत. ही योजना रोकडरहित आहे. म्हणजे मान्यताप्राप्त रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या तिथल्या प्रतिनिधीकडे) नोंद होऊन आधी मंजुरी मिळावी लागते आणि तुम्ही अगोदर भरलेले बिल नंतर परत मिळत नाही. यासाठी मी वेळेवर इतका भर देत आहे. आज जमीन विकून पुण्यात पैसे भरले, तर उद्या योजनेत नाव असल्याचे कळूनही त्या रकमेचा उपयोग होणार नाही.

रेशनकार्डावर तुमच्या पत्नींचे नाव आहे का आणि ते आधार कार्डावरील नावाशी जुळते का, हे आजच पाहा. माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्या कागदावर, एवढ्याच कारणावरून मंजुरी आठवडाभर अडकलेली मी पाहिली आहे. योजनेत नोंद करून देतो म्हणून कोणी पैसे मागितल्यास देऊ नका; नोंदणीला शुल्क नसते.

मिरज, कोल्हापूर आणि बार्शी येथे कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालये आहेत. त्यांपैकी कोणते सध्या योजनेच्या यादीत आहे आणि कोणत्या विशेष उपचारांसाठी आहे, हे योजनेच्या संकेतस्थळावर किंवा थेट रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून पक्के करून घ्या. तिथे एकच प्रश्न आग्रहाने विचारा: ट्रॅस्टुझुमॅबच्या सर्व मात्रा मंजूर पॅकेजमध्ये बसतात की काही मात्रांचे पैसे आम्हाला द्यावे लागतील? उत्तर कागदावर घ्या. जो भाग योजनेत बसत नाही तो कंपनीच्या विम्यातून करायचा, अशी टप्प्यांची विभागणी आरोग्यमित्र आणि विमा कंपनीचा टीपीए (दावे हाताळणारी त्रयस्थ संस्था) या दोघांशी बोलून आधीच ठरवा. एकाच बिलासाठी दोन्हीकडे दावा करता येत नाही.

जवळच्या रुग्णालयाचा मी आग्रह धरतो याला केवळ दराचे कारण नाही. रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, तीन ते पाच आठवडे चालते. पुण्यात राहायचे तर खोलीचे भाडे, दोघांचे जेवण, तुमची बुडालेली हजेरी आणि घरी बारावीला असलेली मुलगी, हे कोणत्याच अंदाजपत्रकात लिहिलेले नसते. मी त्यासाठी किमान दीड लाख धरतो. उपचारांची दिशा बरोबर आहे ना, ही शंका मात्र मनात ठेवू नका. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात एकदा सर्व अहवाल आणि गाठीच्या तपासलेल्या नमुन्याचे ब्लॉक व स्लाइड घेऊन मत घ्यावे, असे मला वाटते. तिथे सर्वसाधारण आणि खाजगी अशा श्रेणी असून नोंदणीच्या वेळी निवडलेली श्रेणी नंतर बदलणे अवघड असते, म्हणून घाईत खाजगी श्रेणी लिहून देऊ नका. रेल्वेने जात असाल तर कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान आणि वातानुकूलित थ्री-टायर डब्यात पूर्ण आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. त्याचा ठरावीक नमुन्यातील दाखला रुग्णालय देते.

औषधाच्या किमतीबाबतही बोला. ट्रॅस्टुझुमॅबची भारतीय कंपन्यांनी बनवलेली जैवसदृश (मूळ औषधाशी मिळतीजुळती) औषधे २०१४ पासून बाजारात आहेत आणि छापील किमतीपेक्षा ती पुष्कळ कमी दरात मिळतात. देशभरातील कर्करोग रुग्णालयांच्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने ४० औषधांची एकत्रित दर-बोलणी केली, तेव्हा सुमारे ८२ टक्के बचत झाली. छापील किमतीत किती हवा असते याचा यावरून अंदाज येईल. तुमच्या अंदाजपत्रकातील ३०,००० हा आकडा कोणत्या कंपनीच्या औषधाचा आहे आणि रुग्णालयाबाहेरून बिलासह आणलेले औषध चालेल का, हे डॉक्टरांना संकोच न करता विचारा. एका मात्रेमागे दहा हजार वाचले तरी १८ मात्रांत १ लाख ८० हजार होतात.

काही दारे तुमच्यासाठी बंद आहेत, तेही सांगतो, म्हणजे तिकडे फेऱ्या होणार नाहीत. मुख्यमंत्री सहायता निधीची उत्पन्न मर्यादा आणि धर्मादाय रुग्णालयांतील सवलतीच्या खाटांची मर्यादा या दोन्ही तुमच्या ५ लाखांच्या वार्षिक उत्पन्नापेक्षा खाली आहेत. केंद्राच्या आरोग्य मंत्र्यांच्या कर्करोग रुग्ण निधीसाठी कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असावे लागते. आयकरातील गंभीर आजारांच्या उपचारखर्चाची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, पण तुमच्या पगारावर नव्या प्रणालीत मुळातच कर लागत नसल्याने तिचा उपयोग नाही.

आता सर्वांत वाईट स्थिती धरू: योजनेतून एक रुपयाही मिळाला नाही आणि सगळे उपचार पुण्यातच झाले. १४ लाखांतून दोन वर्षांचा विमा ६ लाख वजा केला तर ८ लाख उरतात, त्यात बाहेरचे दीड लाख मिळवले की साडेनऊ लाख. विम्याच्या उपमर्यादेमुळे आणखी एक लाख अंगावर आले असे समजा, म्हणजे साडेदहा. मुदत ठेवीतून ६ लाख, भविष्य निर्वाह निधीतून आजारपणाची आगाऊ रक्कम, जी परत भरावी लागत नाही आणि पत्नीच्या आजारासाठीही मिळते, आणि सात आर्थिक वर्षे पूर्ण झाल्याने पीपीएफमधून विनादंड मिळणारी अंशतः रक्कम, एवढ्यात हा आकडा जवळपास भागतो. राहिलेल्या थोड्या रकमेसाठी सोने तारण ठेवता येते, आणि तारण ठेवलेले सोने परत सोडवता येते. याच क्रमाने जा. वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्ड या यादीत कुठेही नाही.

ठेव मुलीच्या शिक्षणाची आहे, म्हणून ती मोडताना तुमचा हात थरथरेल. परंतु शिक्षणासाठी बँक कर्ज देते आणि फेडीला अभ्यासक्रम संपेपर्यंत थांबते. केमोसाठी तशा अटींवर कोणी कर्ज देत नाही. शिवाय २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. तुमचे कुटुंब यांपैकी एका प्रवर्गात येत असेल, तर दाखले आत्ताच काढायला द्या. जूनमध्ये तहसील कार्यालयात गर्दी असते आणि तेव्हा तुम्ही रुग्णालयात असाल.

जमिनीबद्दल शेवटचे. सातबाऱ्यावर तुमच्या आईचे आणि भावाचेही नाव आहे, बहिणींचा वाटा आहे, आणि शेजारी निम्मी रक्कम रोख देतो म्हणतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून अधिक रोख विसार घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. आणखी म्हणजे हे तुमचे एकमेव शेत आहे. ते गेल्यावर पुढे शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचे दाखवणे तुम्हाला आणि मुलीला कठीण जाईल. माझ्या आत्याच्या आजारपणात आमच्या घराने असेच दोन आठवड्यांत शेत दिले. मिळालेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक उपचारांना लागलेच नाहीत आणि पाच वर्षांत घरखर्चात विरून गेले. जमीन मोडण्याची वेळ एका परिस्थितीत येऊ शकते: आजार उलटला आणि अनेक वर्षे चालणारी महाग औषधे सुरू करावी लागली तर. तेव्हा दहा गुंठे, दोन-तीन गिऱ्हाइकांना विचारून, सगळ्या वाटेकऱ्यांच्या सह्यांनी आणि बँकेतून पैसे घेऊन द्या.

डॉक्टरांनी पहिल्या उपचाराची जी तारीख दिली आहे ती पाळा. त्या दिवसापर्यंत योजनेची मंजुरी आली तर उत्तम, आली नाही तर कंपनीच्या विम्याने सुरुवात करा आणि पुढचे टप्पे योजनेत घेण्याचा प्रयत्न चालू ठेवा. आणि आज रात्री हा सगळा हिशोब एका कागदावर तुमच्या हाताने मांडून तुमच्या पत्नींसमोर ठेवा: कोणत्या महिन्यात किती लागणार, ते कुठून येणार, आणि जमिनीच्या रकान्यात शून्य. त्यांनी उपचारांना नकार दिला तो याच रकान्याच्या भीतीने.