आध्यात्मिक गट सोडल्यावर स्वतःच्या निर्णयांवर पुन्हा भरवसा कसा बसेल?

गट सोडलात, पण आता साधं काही ठरवतानाही ‘माझंच चुकत असेल’ असं वाटतं, असं तुम्ही विचारलंय. अशा गटांत शंका आली की ती अहंकार किंवा कच्ची श्रद्धा म्हणून उलट तुमच्याच गळ्यात मारली जाते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी १९६१ मध्ये वैचारिक नियंत्रणाची आठ लक्षणं मांडली. त्यातलं एक हेच: अनुभव आणि शिकवण जुळत नसतील तर अनुभव खोटा ठरवायचा. वर्षानुवर्षं हेच ऐकल्यावर स्वतःवर संशय घेण्याची सवय लागणारच.

ती मोडायची तर क्षुल्लक गोष्टींपासून सुरुवात करा. शर्ट निवडताना ‘गुरूंना काय वाटेल?’ हा विचार आला, तर येऊ दे. शर्ट मात्र तुम्हाला आवडलेलाच घ्या. जरा मोठं काही ठरवलंत की वहीत तारीख, कारण आणि त्या वेळी पोटात काय वाटलं ते लिहा; महिन्याभराने वाचा. बरेच अंदाज बरोबर निघालेले दिसतील, आणि चुकलेल्यांनीही आभाळ कोसळलेलं नसेल. लग्न, नोकरी, मोठे पैसे यांचे निर्णय जमत असेल तर थोडे लांबवा.

या काळात नवा सर्वज्ञ शोधायची भारी ओढ लागते. (समुपदेशकालाही गुरू करून टाकणारे लोक असतात!) कुणीही असो, एकदा त्यांना ‘मला हे पटत नाही’ म्हणून बघा. चिडले, किंवा दोष तुमच्यातच काढला, तर उठून या. झोप उडाली असेल किंवा धास्ती जात नसेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाला भेटाच.