सगळे आल्याशिवाय बोटीत चढायचं नाही

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी कराडजवळच्या गावात प्राथमिक शिक्षिका आहे, वय 46. आमच्याकडे ऊसतोडीला आलेल्या मजुरांच्या मुलांसाठी एक साखरशाळा चालते. तिच्यासाठी दोन लाख रुपये जमवायचे म्हणून आम्ही नऊ जण जानेवारीत कोकणात रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राकडेच्या रस्त्याने सायकलवरून जाणार आहोत, आठ दिवसांत. बाकीचे बहुतेक तिशीच्या आतले. मी आजवर एका दिवसात 40 किलोमीटरच्या वर गेलेली नाही. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल अशी धास्ती वाटते. शिवाय लोकांकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही. जाऊ की नको?
— एक वाचक, कराड

उत्तर : जा. रजेचा अर्ज आजच टाका.

खोळंब्याची तुमची धास्ती मला पुरती ठाऊक आहे. हा रस्ता मी पहिल्यांदा केला तेव्हा बावन्न वर्षांची होते. दापोलीहून दाभोळकडे उतरताना माझं मागचं चाक बसलं. ट्यूब आणि पंप सपोर्ट गाडीत, आणि गाडी पुढे गेलेली. सायकल हाताने ढकलत जेट्टीवर पोचले तर फेरीबोट सुटली होती, आमची सगळी टीम घेऊन. पलीकडे धोपाव्याच्या काठावर पिवळ्या जर्सींचे ठिपके दिसत होते. मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या एका मावशींनी बाटलीभर पाणी दिलं आणि विचारलं, ‘तुझी माणसं कुठायत?’ मला उत्तर देता येईना. पुढची बोट येईपर्यंत तिथेच बसून होते. पाय दुखत होते त्याचं काही नव्हतं, पण त्या प्रश्नाने डोळ्यांत पाणी आलं.

त्या रात्री गुहागरला आम्ही सगळे बोललो आणि एक नियम ठरला, तो आजतागायत पाळतो : शेवटचा माणूस आल्याशिवाय कुणीही बोटीत चढायचं नाही. तुमच्या वाटेवर आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा चार तरी फेऱ्या लागतील. पुढे गेलेल्याला तिथे थांबावंच लागतं, म्हणून हा रस्ता वेगवेगळ्या दमाच्या माणसांना फार चांगला. जेट्टीवर चहा घ्या, पाठ टेका, माणसं मोजा, मग बोट.

हा नियम निघण्यापूर्वीच सगळ्यांसमोर मांडा. संकोचू नका. तुमच्या मागे सायकल चालवणारा एक अनुभवी जण रोज ठरलेला हवा, आणि तो रोज बदलायला हवा, म्हणजे कुणा एकावर भार पडत नाही. सकाळी तुम्ही अर्धा तास आधी निघा. पहिला चढ तुमचा तुम्हाला शांतपणे चढता येतो आणि बाकीचे नाश्त्यापर्यंत गाठतात. ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या मात्र प्रत्येकाने स्वतःच्या सायकलला बांधायच्या. मागचं चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव याच रविवारी अंगणात करा.

आता तयारी. हा रस्ता समुद्राकडेने जातो म्हणून सपाट असेल असं वाटतं, तसं अजिबात नाही. खाडीपाशी उतरायचं, पलीकडे गेलं की पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढायचं, दिवसभर हेच. कृष्णाकाठच्या सपाट रस्त्यावर कितीही फिरलात तरी त्याची सवय होणार नाही. तुम्हाला कुंभार्ली घाट जवळ आहे. सायकल जीपमध्ये टाकून घाटमाथ्यावर जा, पोफळीपर्यंत सावकाश उतरा आणि तिथून चढून परत या. पहिल्यांदा चार वेळा थांबाल, थांबा. असं तीन-चारदा झालं की अंगात भरवसा येतो. शनिवारी 50 आणि लगेच रविवारी 50 असं लागोपाठ करून बघा, कारण आठ दिवसांच्या प्रवासात पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसणंच अवघड जातं. दुकानदाराला सांगून मागच्या चाकाला 34 दातांची मोठी चकती असलेली कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, बसवून घ्या. गुडघे वाचतील.

पॅडेड शॉर्ट घ्या, तिच्या आत दुसरं काही घालू नका, घासतं तिथे व्हॅसलीन लावा. तहान लागायच्या आधी पाणी प्या. बायका स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणी कमी पितात आणि दुपारी चक्कर येते. कुठे थांबता येईल त्या जागा आधीच विचारून ठेवा. टीममधल्या मुलांना हे स्पष्ट सांगितलं की ती समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.

आणि पैसे. माझ्याकडे दूध घालणाऱ्या बाईंनी एका प्रवासासाठी शंभर रुपये दिले होते. त्या पैशांचं काय झालं, हे मी त्यांना कधीच सांगू शकले नाही, कारण आयोजकांनी देणग्यांतूनच जर्सी छापल्या, मुक्कामाची बिलं भागवली आणि हिशेब दिलाच नाही. ती बोच अजून आहे. म्हणून माझं कळकळीचं सांगणं : राहणं, जेवण, गाडीचं डिझेल, जर्सी हे सगळं नऊ जणांनी स्वतःच्या खिशातून करायचं. देणगीतून एक चहासुद्धा नको. मग बघा, मागताना जीभ आपोआप वळते. तुम्ही स्वतःसाठी काहीच मागत नाही, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसतं.

‘मदत करा’ असं मोघम मागू नका. शाळेत जाऊन विचारा, काय हवंय? पहाटे आईबाप फडावर गेल्यावर मुलांच्या अंगावर घालायला किती चादरी लागतील, बाईंचा महिन्याचा पगार किती. त्याची यादी करून लोकांपुढे ठेवा. पैसे थेट संस्थेच्या खात्यावर जाऊ द्या आणि शंभर रुपये देणाऱ्यालाही पावती द्या. संस्थेला आयकर खात्याची 80 जीची मान्यता असेल तर जुन्या करपद्धतीतल्या देणगीदारांना आयकरात सवलत मिळते, पण 2,000 रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, तेव्हा मोठ्या रकमा चेकने किंवा ऑनलाइन घ्या.

रेडीला पोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात जमा-खर्चाचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या दारात जाऊन तो वाचून दाखवा.