घरातला शब्द धुऊ नकोस

पोरी,

तुझी कथा काल रात्री दोनदा वाचली. भाऊ डिलिव्हरी करतो, त्याची आयडी ब्लॉक होते, घरात कुणाला सांगत नाही. विषय खणखणीत आहे, पण तो बोलायला लागला आणि मी अडकलो. "आजचे तीन आदेश रद्द झाले"? अगं, तुमच्या घरात ऑर्डरला आदेश कोण म्हणतं? आणि वर मलाच विचारतेस की समाज एवढा बदलला तरी आपलं साहित्य मागे का. ह्यामुळेच. घरातला शब्द आपण दारातच धुतो आणि मग कागदावर आणतो.

समाज बदलला की साहित्य आपोआप बदलत नसतं गं, कुणीतरी आपला शब्द उचलून आत न्यावा लागतो. मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेत शिकली आणि १८५५ मध्ये, चौदाव्या वर्षी, तिने 'ज्ञानोदय' नियतकालिकात मांग-महारांचं दुःख लिहिलं. पुढे १९७२ ला नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला, प्रस्तावना नाटककार विजय तेंडुलकरांची, आणि त्यातल्या कित्येक शब्दांचे अर्थ तेंडुलकरांनाच ढसाळांकडून विचारून घ्यावे लागले. घेतले विचारून! वाचणाऱ्याने विचारावं की.

मी नाही हे केलं. माझे वडील मिलमध्ये साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, मी त्यावर कथा लिहिली, एका संपादकांनी कळवलं भाषा जरा सुधारा, आणि मी सुधारली. 'खाडा'ची 'अनुपस्थिती' केली, 'भोंगा' काढून टाकला. छापून आल्यावर वडिलांनी अर्धं पान वाचलं आणि म्हणाले, "ह्यो कुठला सायेब?" अंक खाली ठेवला, परत कधी हातात घेतला नाही. तू म्हणशील मग सुधारली कशाला. अगं, घरात पगार नव्हता, मानधनाचे पैसे येणार होते, आणि तेव्हा छापून येणं म्हणजे काय होतं ते तुला आज नाही कळायचं. तरी पण धुवायला नको होता तो शब्द. तेव्हापासून मी एकही बदलू दिलेला नाही, दोन कथा परत आल्या तरी.

तुला तर कुणी सांगितलंही नाहीये, तू आपणहूनच धुतेयस, ह्याचा राग येतो मला.

रविवारपर्यंत तो भाग परत लिही. ऑर्डर, इन्सेंटिव्ह, लॉगिन, सगळं तो म्हणतो तसंच. आणि आयडी ब्लॉक झाल्यावर तो जिन्यातच हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिला, आईने वरून हाक मारली तरी उठला नाही, हे तू मला फोनवर सांगितलंस आणि कथेत घातलंच नाहीस.