तालुक्याची लाइन घालवणारे हॅकर

तुमचा प्रश्न असा की, कादंबरीत परदेशी हॅकर विदर्भातल्या एका तालुक्याची वीज घालवतात, ते पटेल का आणि वेग कसा टिकवायचा.

मी यवतमाळ जिल्ह्यात ३३ केव्ही सबस्टेशनवर ऑपरेटर आहे. रात्रपाळीत असल्या कादंबऱ्या पुष्कळ वाचल्या. घटना पटेल, घबराट पटणार नाही. आमच्याकडे लाइन गेली की लोक फोन करून एवढंच विचारतात, "भाऊ, केव्हा येते?" हॅकरचा संशय यायलाच दोन दिवस जातील.

खरा नमुना पाहायचा तर २३ डिसेंबर २०१५ चा युक्रेन पाहा. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप फिरत होता आणि ब्रेकर, म्हणजे लाइन तोडणारे मोठे स्विच, ऑफ करत होता. सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. वर तक्रार केंद्रावर खोट्या कॉलचा भडिमार, म्हणजे खऱ्या ग्राहकाचा फोन लागूच नये. हे वाचून मला आमचं परमिट आठवलं. लाइनमन खांबावर चढण्याआधी माझ्याकडून फोनवर परमिट घेतो. मी फीडर, म्हणजे सबस्टेशनातून गावाकडे जाणारी लाइन, बंद केल्याचं सांगायचं, त्यानं अर्थिंग टाकून, म्हणजे तार जमिनीला जोडून, चढायचं. आता समजा, स्क्रीनवर फीडर बंद दिसतोय पण तारेत करंट आहे, पाऊस सुरू आहे आणि गडी घाईत आहे. अशी फसवणूक झालेली आहे. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा कॉम्प्युटर व्हायरस इराणच्या नतांझमधल्या अणुकेंद्रातली सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम शुद्ध करणारी गरगरती यंत्रं, बिघडवत होता आणि ऑपरेटरला मात्र आधी टिपून ठेवलेले ठीकठाक आकडे दाखवत होता. अख्खा तालुका अंधारात बुडवण्यापेक्षा हा एक खांब रंगवा, वाचक पान सोडणार नाही.

वेगाचं म्हणाल तर खऱ्या हल्ल्यात तो शेवटच्या तासाभरातच असतो. युक्रेनमध्ये त्याआधी कित्येक महिने ईमेलच्या अटॅचमेंटमधून शिरकाव चालू होता. ते महिने दोन पानांत उरका. घाई दाखवायची तर कॅलेंडर वापरा. फेब्रुवारी २०१६ मध्ये हॅकरांनी बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून ८.१ कोटी डॉलर मनिलाला वळवले, तेव्हा त्यांनी गुरुवारची रात्र धरली होती. ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कला रविवार बंद, मनिलात सोमवारी चिनी नववर्ष. तुमच्या खलनायकाला पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, द्या. त्या दिवशी गावात कामावर माणूस सापडणं मुश्कील.

आंतरराष्ट्रीय धागा ओढूनताणून आणायची गरज नाही. जून २०१७ चा नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार ठप्प करून थेट न्हावाशेव्याला जेएनपीटीतल्या तिच्या टर्मिनलपर्यंत पोचला. म्हणजे कीव्हमधल्या दिवाणजीनं अपडेट केलं की आपल्या जिनिंगच्या कापसाच्या गाठी बंदरावर अडकू शकतात. राजकारण हवं असेल तर १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली ते घ्या. राज्य सरकारनं सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला, केंद्रीय ऊर्जामंत्री मानवी चूक म्हणाले.

मर्स्कची आणखी एक गोष्ट वापराच. त्यांच्या नेटवर्कचा सगळा नकाशा ज्या सर्व्हरांवर होता ते जगभर पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइन गेली होती! हा प्रसंग आमच्या तालुक्यात घडवला तर कोणी अतिशयोक्ती म्हणणार नाही.

नायक मात्र पुण्याचा कोडिंगवाला पोरगा नको. युक्रेनमध्येही शेवटी माणसं गाड्या काढून सबस्टेशनांवर गेली आणि हातानं ब्रेकर ऑन केले, काही तासांत वीज आली. आमच्याही ब्रेकरची स्प्रिंग हँडलनं चार्ज करता, म्हणजे हातानं ताणता येते, ते काम वायरमनला द्या. परमिटच्या फोनचा प्रसंग लिहून झाला की इथे टाका, बोलण्यातले शब्द तपासून देतो.